धान्याच्या खोलीतली झाडं

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा चूल तिच्या ताब्यात होती आणि पुढं पस्तीस वर्षं तिच्याच ताब्यात राहिली. भाकरी कुणी थापायची, डाळीला फोडणी कशाची द्यायची, पाहुण्याला चहा करायचा की नुसतं पाणी देऊन वाटेला लावायचं, सगळं तीच ठरवायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण मला घरापेक्षा शेतात बरं वाटायचं. बदनापूरच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत आमचं रान आहे आणि रानातच घर. विहिरीच्या पाण्यावरचा दीड एकर भाजीपाला माझ्याकडं होता. वांगी, मेथी, भेंडी, दोडके, थंडीत थोडी फुलकोबी.

त्याच्या जोडीला बरीच वर्षं बियाण्याचे प्लॉटही केले. आमच्या जिल्ह्यात हे काम बायांच्या हातातलं आहे. संध्याकाळी मादी झाडाच्या कळ्या सोलून आतले पुंकेसर काढून टाकायचे, खुणेला दोरा बांधायचा आणि सकाळी नराचं फूल आणून त्या कळीवर अलगद फिरवायचं. आम्ही त्याला क्रॉसिंग म्हणतो. कंपनीचे साहेब ओळींमधून चालायचे आणि एखाद्या झाडाचं पान किंवा खोड वेगळं दिसलं की बोट दाखवायचे, "भेसळ आहे, उपटा." पुढंपुढं ते यायच्या आत मीच भेसळ उपटून बांधावर टाकलेली असायची. एकदा ते म्हणाले, "बाई, तुम्हाला झाडाची भाषा कळते." दहावीला दोनदा नापास झालेल्या बाईला असं कुणी सांगितलं की ती ते विसरत नाही. मीही विसरले नाही, आणि मनात थोडी फुगूनच राहिले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात अक्काच्या दुखण्याचा जितका हात होता तितकाच या फुगण्याचाही होता.

आमच्या दोघींचेही मालक गेले. आधी तिचे, चार वर्षांनी माझे. मला मूलबाळ नाही. अक्काला एक मुलगी, ती पुण्यात नोकरी करते. मोठ्या घरात दोघी राहिलो आणि उलट आमचं बरं जमायला लागलं. तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा दवाखान्याच्या सगळ्या खेपा मीच केल्या. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, केस गेले आणि कुरळे होऊन परत आले. दीड-दोन वर्षं चांगली गेली. मग तिची कंबर धरायला लागली. आम्हाला वाटलं वयाचं असेल. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आजार हाडांत उतरलाय, आता बरं करण्यासारखं काही नाही, घरी न्या, जपा.

जपायचं कसं ते मला कळत नव्हतं. बदनापूरच्या मेडिकलमधून दुखायच्या गोळ्या आणायचे. पहिल्या महिन्यात एक गोळी अर्धा दिवस पुरायची, नंतर दोन घेऊनही तास-दीड तास. अक्का ओरडायची नाही. ओठ आत ओढून घ्यायची, खाटेचा दांडा धरायची आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "किती वाजले?" पुढच्या गोळीला किती वेळ आहे ते तिला हवं असायचं. मी कधीकधी खोटंच पुढचं सांगायचे.

दिवाळीला पुतणी आली. आईचा चेहरा बघून तिनं पहिला दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुण्याच्या दगडापाशी होते तिथं ती आली आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली.

"काकू, एक बोलू? पण कुणाला सांगू नका."

"बोल की."

"बाहेरच्या देशांत अशा पेशंटला गांजाचं औषध देतात. डॉक्टर लिहून देतात. दुखणं कमी होतं, भूक लागते."

माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "गांजा? ते बुवा-बैरागी चिलमीत भरतेत ते?"

"तेच. पण ओढायचं नाही. त्याचा अर्क काढतात."

"मंग आण की तुझ्या पुण्यातून."

"इथं बंदी आहे काकू. आणि चोरून विकतात त्यात काय काय मिसळलेलं असतं कुणाला ठाऊक. आईला तसलं द्यायची माझी हिंमत नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्या हाताला काहीही येतं."

जाताना तिनं कागदाची एक घडी माझ्या हातात ठेवली. आत अकरा बिया होत्या. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, करड्या, अंगावर गर्द नक्षी. तिनं त्या कुठून आणल्या ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

हा गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तुरीच्या ओळींत लपवून लावलेली झाडं पोलिसांनी उपटली, मालकाला धरून नेलं, अशा बातम्या आमच्याकडं फोटोसकट येतात. म्हणूनच रानात लावायचा प्रश्न नव्हता. तीन-चार दिवस घडी पिठाच्या डब्यामागं तशीच ठेवली. पाचव्या दिवशी दुपारी अक्का खाटेचा दांडा धरून पडली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. ती रडत नव्हती, पाणी नुसतं येत होतं. मी उठले आणि धान्याची खोली झाडायला घेतली.

ही खोली घराच्या मागच्या बाजूला. खिडकी नाही, वर एक झरोका, पत्र्याचं दार. पूर्वी तिच्यात वर्षाची ज्वारी मावायची नाही. आता दोघींना लागतं किती? दोन कोठ्या एका कोपऱ्यात सरकवल्या आणि बाकी जागा मोकळी केली. नवीन जालन्यात स्टेशनकडं एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून दिवे आणले. दुकानदाराला म्हणाले, "मिरचीची रोपं घरातच करायचीत." त्यानं मान वर करूनही बघितलं नाही. जालन्यात बियाण्याचा काहीतरी उद्योग करणारं माणूस ही काही नवलाची गोष्ट नाही.

अकरापैकी नऊ उगवल्या. पहिल्या जोडीची पानं साधी होती, काकडीसारखी. मग दातेरी पानं फुटली आणि मला कळलं की आता हे झाड दुसरं काही म्हणून खपणार नाही.

मला वाटलं होतं, भाजी काय आणि हे काय, रोप ते रोप. पंधरा दिवसांत माझी खोड मोडली. रानात मी झाडाला फार थोडं द्यायचे, बाकीचं त्याला आपोआप मिळायचं. ऊन यायचं, जायचं. वाऱ्यानं खोड हलायचं आणि हलून हलून जाड व्हायचं. जमीन पाणी धरायची, सोडायची. या खोलीत यातलं काहीच नव्हतं. बटण दाबलं की दिवस उगवायचा आणि मी विसरले तर उगवायचाच नाही. वारा नव्हता म्हणून रोपं लांबली, बारीक झाली आणि मान टाकून पडली. त्यांना काड्यांचा आधार दिला, एक जुना टेबलपंखा आणून लावला. पाणी तर मी सवयीनं रानातल्या हातानं घातलं आणि दोन रोपं मुळाशी कुजून गेली. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर पाण्यानं रोप मारणारी मी! कुंडी उचलून वजनावरून तहान ओळखायला मला महिना लागला.

वीज गेली की मी हातातलं काम टाकून खोलीकडं धावायचे. आपल्यावाचून जे क्षणभर जगू शकत नाही असं झाड मी आधी कधी लावलं नव्हतं. रानातल्या वांग्यांना चार दिवस बघितलं नाही तरी ती आपली आपली असायची. इथं मी देव नसले तरी ऊन-वारा-पाऊस तिन्ही मीच होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. सकाळी अक्काला उठवून तोंड धुवून, चहा देऊन झाला की माझे पाय आपोआप मागच्या खोलीकडं वळायचे. कुलूप काढायचं, आत जाऊन आतून कडी लावायची. पानं उलटून कीड बघायची. पंख्याचं तोंड फिरवायचं. नंतर नुसतंच बसून राहायचं. तिथं कुणी वेळ विचारत नव्हतं.

"कुठं असती तू दिवसभर?" एके दिवशी अक्कानं विचारलं.

"मागं. मिरचीची रोपं करून राह्यले."

"घरात?"

"नवीन पद्धत आहे."

"मला दाखव की एकदा. मिरचीचं रोप बघून किती दिवस झाले."

"दाखवीन," मी म्हणाले, आणि तिच्या उशाचं पाणी बदलायला उठले. आयुष्यात मी अक्काशी भांडले होते, अबोला धरला होता, तिच्या माघारी तिला नावंही ठेवली होती. पण वेळेचं सोडलं तर असं तोंडावर, दर दिवशी नव्यानं खोटं कधी बोलले नव्हते.

झाडं छातीइतकी झाली तेव्हा माझ्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. दोडक्याच्या वेलावर नर आणि मादी दोन्ही फुलं असतात. या झाडांत तसं नव्हतं, पपईसारखं होतं. एक झाड नर, दुसरं मादी. पुतणीनं फोनवर सांगितलं होतं की औषधाला मादीच लागते आणि तिला बी धरू द्यायचं नाही. बारीक बारीक गोट्यांचे घोस लागलेली दोन नर झाडं मी पहिल्याच नजरेत ओळखली आणि मुळासकट उपटली. सगळा जन्म मी मादीपर्यंत पराग पोहोचवायचं काम केलं होतं आणि इथं उलटं, पोहोचू न देण्याचं. उपटताना हात क्षणभर अडखळला. मग पाच मादी झाडं उरली.

फुलं यायला लागली तसा वास सुटला. आधी दाराशी, मग पडवीत, मग अंगणात. मी दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. उदबत्त्या लावल्या. अक्का म्हणाली, "आज काय सण आहे का?" लागोपाठ आठ दिवस सण कसा असेल?

आमच्या बांधाला लागून एका मुसलमान कुटुंबाचं रान आहे. त्या घरातली आपा माझ्याच वयाची. वीस वर्षं आम्ही एकाच टेंपोत भाजी टाकून जालन्याला नेली. तिचं असं एकही सुखदुःख नसेल जे मला माहीत नाही. तिलाही माझी सगळी माहीत असायची. पण दिवाळीपासून मी तिला घरापर्यंत येऊ दिलं नव्हतं. बांधावर दिसली की दोन शब्द बोलून निघायचे. "अक्काला झोप लागलीय," "अक्काला बोललेलं सोसत नाही," असं काहीबाही सांगायचे. शेवटी एका दुपारी ती शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन सरळ अंगणात आली. मला उशिरा कळलं. मी खोलीतून बाहेर आले तर ती पडवीच्या पायरीपाशी उभी, नाक वर करून.

"भाभी, ये बास कायकी है?"

"उदबत्तीची."

तिनं माझ्या हातातल्या कुलपाकडं बघितलं. दाराच्या फटीतल्या गोणपाटाकडं बघितलं. "मेरेकू नको शिकवू. दर्ग्याके पीछे मलंग लोगां बैठते थे, बचपन में रोज यही बास. गांजा है ये."

मी पायरीवर बसले. ती ओरडेल, तिच्या घरच्यांना सांगेल, गावभर होईल, असं सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. तिनं शेंगांची जुडी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी बसली.

"किसके वास्ते?"

"अक्कासाठी. लई दुखतंय तिला आपा. बघवत न्हाई."

तिनं आत अक्काच्या खाटेकडं नजर टाकली. मग म्हणाली, "और तू मेरेकू पूछी क्यूं नै?"

"काय विचारायचं होतं?"

"जालनेमें मस्तगडकू रहता था वो मेरा भाई," ती म्हणाली, आणि मग माझ्यासाठी मराठीत आली. "त्याला तोंडाचा कॅन्सर झाल्ता, तुला माहीत आहे. तू भेटायला आल्ती. त्याला किती दुखायचं! मंग एकानं सांगितलं, दुखण्याचा वेगळा डॉक्टर असतो. आजाराचा न्हाई, दुखण्याचा. आम्ही गेलो. बाईनं कागदावर लिहून गोळ्या दिल्या, मॉर्फिन बोलतेत. कायद्यानं देतेत, सही घेऊन. शेवटचे चार महिने भाईजान बसून चहा प्यायचा, नातवाला ओरडायचा. हे सगळं मी तुला बोलले नव्हते का?"

बोलली असेल. तो गेला त्या वर्षी अक्का धडधाकट होती. मी ऐकून सोडून दिलं असेल. पण या चार महिन्यांत मी एकदा जरी बांधावर थांबून आपाला म्हणाले असते, अक्काला फार त्रास होतोय, काय करू, तर ती त्याच पायी मला तिथं घेऊन गेली असती. मी थांबले नव्हते. मला खोलीचं कुलूप सांभाळायचं होतं. चार महिने अक्का खाटेचा दांडा धरून पडली होती आणि मी तिच्यासाठी म्हणून ज्याच्यामागं लागले होते त्यानंच मला कुणाला काही विचारू दिलं नव्हतं. पायरीवर बसून मला हे कळलं तेव्हा मी रडले. आपानं पदरानं माझं तोंड पुसलं नाही की काही नाही. म्हणाली, "उद्या जाऊ. जीप मी सांगते. रडणं नंतर."

डॉक्टरीणबाई तिशी-पस्तिशीच्या होत्या. त्यांनी माझ्याशी बोलायच्या आधी अक्काकडं खुर्ची ओढली. "आजी, शून्य म्हणजे दुखतच नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही. तुम्हाला किती दुखतं?"

अक्का म्हणाली, "मला आकडे काहून विचारता बाई. मी शाळेत गेलेली न्हाई. मला चुलीपुढं बसता येत न्हाई, इतकं दुखतं."

बाईंनी ते जसंच्या तसं कागदावर लिहिलं. मी बघत होते. मग त्यांनी गोळ्यांचं समजावून सांगितलं. ठरल्या वेळेला द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. पोट साफ व्हायचं औषध जोडीला चुकवायचं नाही. मी विचारलं, "सवय लागती म्हणतेत?" त्या म्हणाल्या, "सांगितलेल्या मापात द्या आणि मला दर खेपेला येऊन भेटा. त्यांची काळजी मी करते, तुम्ही एकट्या करू नका."

अक्काला घेऊन आपा बाहेर गेली तेव्हा मी मागं रेंगाळले. "डॉक्टर, ते गांजानं बरं वाटतं म्हणतेत. खरं आहे का?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "त्यापासून केलेल्या औषधांचा काही रुग्णांना उपयोग होतो. पण घरच्या झाडात काय किती आहे ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. जास्त झालं तर आजी घाबरतील, पडतील, त्यांची हाडं आधीच नाजूक आहेत. शिवाय गुन्हा आहे." मग त्या म्हणाल्या, "कुणाकडं असेल तर त्यांना सांगा, माझ्याकडं या. एवढंच."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी अक्कानं मला हाक मारली. उठून बसली होती. "पीठ घे आणि माझ्यासमोर भाकरी कर. चार महिने तुझ्या जाड भाकरी खाऊन राह्यले, आज सांगते कुठं चुकतंय ते." आणि तिनं सांगितलं. पाणी कमी, मळणं कमी, तव्याचा अंदाज नाही. मी सगळं ऐकून घेतलं. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, पण ते आता बाजूला बसलेलं होतं, तिच्यावर चढून नव्हतं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. त्याच दिवशी मी खोली उघडून झाडं उपटायला हवी होती. मी उपटली नाहीत. स्वतःला सांगितलं की गोळ्या मिळाल्या नाहीत तर असावीत. मग सांगितलं की फुलं तयार व्हायला आठ-पंधरा दिवसच उरलेत. खरं कारण निराळं होतं. अशी झाडं माझ्या हातून कधी झाली नव्हती. पाचही एका उंचीची, एकही पान करपलेलं नाही, शेंड्यांवर भरगच्च तुरे आणि त्यांच्यावर दव पडल्यासारखी चमक. फुलावर आलेलं निरोगी पीक मी आयुष्यात कधी उपटलं नव्हतं. आणि ते बघायला मी कुणालाही बोलवू शकत नव्हते. असं पीक काढून कुणाला न दाखवणं काय असतं ते शेती करणाऱ्यालाच कळेल.

आपा रोज बांधावरून विचारायची, "निकाली क्या?" मी म्हणायचे, "आज काढते."

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला मी आत होते. कडी लावायची राहिली होती. दार ढकलल्याचा आवाज आला आणि मी वळले तर अक्का. एक हात भिंतीला, एक हात दाराला. खाटेपासून इथपर्यंत ती एकटी कशी आली असेल ते तिचं तिला माहीत. दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात तिनं डोळे बारीक केले. झाडांकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्या मिरच्या का?"

मी पंखा बंद केला.

"मी आजारी आहे, येडी न्हाई. काय आहे हे?"

मी सांगितलं. अकरा बियांपासून सगळं. पुतणीचं नाव मात्र घेतलं नाही, पण तिला कळलंच असणार, ती आई होती. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली. मला वाटलं चिडेल, किंवा माझ्यासाठी एवढं केलंस म्हणून तिला भरून येईल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"उद्या पोलीस आले तर कुणाला नेतील?"

"मला."

"तुला नेलं तर मला कोण उठवून बसवील? कोण धुईल? आपा दोन दिवस करंल, तिसऱ्या दिवशी तिला तिचं घर आहे. माझ्या पोरीला पुण्याहून यायला एक दिवस लागतो. त्या एका दिवसात मी मुतात पडून राहू?" तिचा आवाज चढला नव्हता. "हे माझ्यासाठी केलं म्हणती. मंग माझा एवढा हिशेब का नाही केला?"

ती पुढं आली, एका झाडाचा तुरा दोन बोटांत धरून बघितला, बोटं नाकाला लावली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "झाड मात्र बेस आलंय," ती म्हणाली. "काढ आता."

मी तिथंच, तिच्यासमोर काढली. ती ज्वारीच्या कोठीवर बसून बघत होती. मुळं कुंडीच्या आकाराची झाली होती, माती सोडत नव्हती. विळ्यानं बारीक तुकडे केले आणि शेणखताच्या खड्ड्यात तळाशी घालून वर चार पाट्या शेण टाकलं. हाताला चिकटलेला वास लिंबानं गेला नाही, साबणानं गेला नाही, राखेनंही नाही. दोन दिवस मी हात पदराखाली धरून वावरत होते.

त्या संध्याकाळी पुतणीला फोन केला. ती रडायला लागली. "मी तुम्हाला अडकवलं काकू."

"न्हाई गं," मी म्हणाले. "बिया तू दिल्या. चार महिने दार लावून आत बसले ते मी. मला तिथं बरं वाटत होतं."

तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. पण त्यानंतर ती महिन्यातून दोनदा यायला लागली आणि आली की आईच्या खाटेवर आडवी होऊन तिच्याशी बोलत बसायची. मी रानात जायचे. ते मला आधी सुचायला हवं होतं. अक्काला औषध हवं होतं, पण त्याइतकंच कुणीतरी जवळ बसायला हवं होतं, आणि ते मी कमी केलं होतं.

अक्का त्यानंतर साडेपाच महिने होती. गोळ्यांचं माप दोनदा वाढवावं लागलं. मध्ये बरे दिवस आले तेव्हा आपाच्या मुलानं आणि पुतणीनं तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून उचलून वाफ्यांपर्यंत आणलं. आयुष्यभर घराबाहेर फार न पडलेली बाई मेथीच्या वाफ्याकाठी बसून मला शिकवायला लागली की पाणी कुठून फोडायचं. मी तिचं ऐकून एका वाफ्याला तसं पाणी दिलं. वाफा फुटला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "जरा पडते." परत उठली नाही.

तेराव्यानंतर उरलेल्या गोळ्या परत द्यायला मी दवाखान्यात गेले. त्या घरात ठेवायच्या नसतात, बाईंनी आधीच बजावलं होतं. सही करून गोळ्या दिल्या, बाईंनी माझा हात क्षणभर धरला, आणि मी बाहेर आले. बाहेरच्या बाकावर अंबडकडची एक बाई तिच्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तो कण्हत होता. तिच्या हातात दुसऱ्याच डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी होती आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडं बघत होती, पण विचारत कुणालाच नव्हती. माझी गाडी सुटायला अर्धा तास होता. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय त्यांना?"